सबनीसांच्या गाडीचा डावा हात

गेली वीज. जाऊ दे. वैशाली, ती मेणबत्ती खिडकीतून उचल आणि इथे मधे ठेव, नाहीतर वारा विझवेल आणि पुन्हा काडेपेटी शोधत बसा. बसा सगळे खाली. गोष्ट सांगतो, पण एक अट आहे, मधे बोलायचं नाही. मागच्या वेळी ‘नाना, तारपोर काय झालं, तारपोर काय झालं’ करून माझा सगळा सूर घालवलात. ‘मग’ म्हणायच्या जागी ‘तारपोर’! धड मराठी नाही, धड बंगाली नाही तुमचं.

ते समोरचं गॅरेज दिसतंय ना, हिरव्या दाराचं, कुलूप घातलेलं? त्या घरातली गोष्ट आहे. शरच्चंद्र सबनीस माझा शेजारी आणि मित्र. हे त्यानं मला स्वतःच्या तोंडानं एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढू दिला नाही. शेवटचं तेवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्याकडे येईनच.

तर साल १९७३. सप्टेंबरची सतरा तारीख, सोमवार. शरद रजा टाकून सकाळीच मल्लिकबाजारला निघाला. कंपनी बुडून वीस वर्षं झाली तरी तिच्या गाडीचा बोल्ट मल्लिकबाजारात मिळतो, असं ते ठिकाण. त्याला हवी होती गाडी सुरू करायची मोटर. मेकॅनिक लोक नुसतं ‘सेल्फ’ म्हणतात. दोनदा त्यानं आणली होती, दोन्हीदा दाते जुळले नव्हते. म्हणून आज तो इंजिनाच्या चाकावरचा जुना दातेरी पट्टा पिशवीत घालूनच निघाला होता. दोन बस बदलून, घामाघूम होऊन पोचला तर सगळी दुकानं बंद. लेथ यंत्रांना झेंडूच्या माळा, हत्तीवर बसलेल्या देवाच्या मूर्ती, आणि वर आभाळभर पतंग. पतंग कापला की पोरं गच्च्यांवरून ‘भोकाट्टा’ ओरडतायत. एका दुकानदारानं त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि उद्या या म्हणून सांगितलं.

विश्वकर्मा पूजा होती. यंत्रांचा दिवस. जन्म कलकत्त्याचा, पण शरदच्या हे कधी लक्षातच राहायचं नाही, कारण आपल्यात हत्यारांची पूजा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. तो प्रसाद खिशात घालून तसाच पाय आपटत परत आला.

आता गाडीचं सांगतो. ती त्याच्या वडिलांची, विनायकरावांची. विम्याच्या नोकरीला १९२७ साली कलकत्त्यात आले आणि इथलेच झाले. बजबजच्या एका ज्यूट मिलचा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा १९३८ साली विनायकरावांनी त्याच्याकडून ही घेतली. काळपट हिरवी, चार दारांची, चढताना पाय ठेवायला दोन्ही बाजूंना लांब फळी. पुढून हँडल घालून फिरवलं की सुरू व्हायची. आणि तिला हात होते.

हसू नका. आताच्या गाड्यांना वळताना लुकलुकणारे दिवे असतात, तेव्हा नव्हते. पुढचं दार आणि मागचं दार यांच्या मधल्या खांबात एक खाच असायची. आतून बटण फिरवलं की ‘खट्’ आवाज होऊन त्या खाचेतून वीतभर दांडी आडवी बाहेर यायची. तिच्या पोटात बारीक दिवा, नारिंगी. डावीकडे वळायचं तर डावी, उजवीकडे तर उजवी. सबनीसांच्या घरी तिला हातच म्हणत. गल्लीच्या तोंडाशी आलं की विनायकराव म्हणायचे, “शरद, डावा हात दे.” आणि नऊ वर्षांचा शरद पुढे झुकून ते बटण फिरवायचा. आख्खी गाडी आपणच वळवली असं त्याला वाटायचं.

शरदची आई, कालिंदीबाई, त्या गाडीत कधी चपला घालून चढल्या नाहीत. जिची पूजा करतो तिच्यात पायताण घालून कसं जायचं? मागचं डावं दार विनायकराव स्वतः उघडून धरत. कालिंदीबाई फळीपाशी चपला काढत, वाकून उचलत, वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन बसत. बाहेर कधी ठेवल्या नाहीत. “परत उतरताना लागतात,” म्हणायच्या. मग विनायकराव दार लावत. त्याचा खटका सैल होता, म्हणून एकदा लावून मग तळहातानं पुन्हा दाबत. ठप, आणि जरा थांबून, ठप.

हे विनायकराव विश्वकर्म्याच्या दिवशीही गाडीला हात लावत नसत आणि खंडेनवमीलाही नाही. लोक थट्टा करायचे. ते म्हणायचे, “ज्या गावचं पाणी पितो त्या गावचा एक दिवस, ज्या गावाहून आलो त्या गावचा एक दिवस. वर्षातून दोनदा हात रिकामे ठेवले तर जग बुडत नाही.” आणि दसऱ्याच्या संध्याकाळी पूजा झालेली गाडी काढून बायकोला बागबाजारच्या घाटावर दुर्गेचं विसर्जन बघायला नेत. एक वर्ष चुकलं नाही. १९६१ साली ते गेले, आणि गाडी जी आत गेली ती आतच राहिली.

बारा वर्षं. मग त्या श्रावणात डॉक्टरांनी कालिंदीबाईंची छाती तपासली आणि शरदला जिन्यात गाठून सांगितलं, “दसरा बघतील. दिवाळीचं मी काही बोलत नाही.” म्हातारी दीड वर्षं जिना उतरली नव्हती. तिनं मुलाकडे एकच मागितलं. “एकदा मला यांच्या गाडीतून घाटावर ने रे.”

झालं, शरद हट्टाला पेटला.

त्याची बायको सुनीती शहाणी बाई. ती म्हणाली, “अहो, टॅक्सीनं नेऊ या. आईंना घाट बघायचाय.” त्यानं ऐकलं नाही. गल्लीच्या टोकाला निमाई मिस्त्री होता, साठीचा, त्यानं गाडी बघून सांगितलं, आहे तशी चालू द्या बाबू, टाकी धुतो, कार्ब्युरेटर धुतो, आठ दिवसांत हँडलवर सुरू करून देतो. तेही ऐकलं नाही. “आईला आत बसवून मी रस्त्यात हँडल मारत उभा राहू?” म्हणाला. त्याला सगळं नवं हवं होतं. सहा व्होल्टची वीज काढून बारा व्होल्टची, बटण दाबलं की सुरू होणारा सेल्फ, मोठे दिवे, नवी वायर, आणि लुकलुकणारे इंडिकेटर. पंख्यांच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनियर होता ना! कागदावर त्यानं इतका सुबक नकाशा काढला होता, निळ्या-लाल शाईत, की बघत राहावं.

सगळ्यात आधी त्यानं ते हात काढले. दोन्ही दांड्या फडक्यात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या, खाचांवर पत्रा मारला, वर पुट्टी लिंपली. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, “हात का काढलेस?”

“आता लुकलुकणारे लावतात, आई.”

“यांनी हात दाखवला की मागचा थांबायचा. लुकलुकण्याला कोण थांबणार?”

तो हसला नाही. तेव्हापासूनच त्याच्या कपाळावर आठी होती.

तर त्या सोमवारी मल्लिकबाजारातून हात हलवत परत आला, गॅरेजमध्ये शिरला, तर आत निमाई, सुनीतीनं त्याला उघडून दिलं होतं. धुतलेलं धोतर, कपाळाला टिळा. त्यानं शरदची सगळी हत्यारं पुसून एका फळीवर मांडली होती, प्रत्येकाला शेंदराचा ठिपका, वर एकेक फूल. शरदनं पाना उचलला तसा तो म्हणाला, “आज जंत्रे हात दिते नेई, बाबू.” आज यंत्राला हात लावायचा नसतो.

शरद म्हणाला, “तो तुमचा सण. आमचा दिवस खंडेनवमीला.”

निमाईनं छत्री उचलली आणि गेला. शरद एकटाच वायर जोडत बसला. शेंदूर ओला होता, त्याच्या बोटांना लागला, नकाशाला लागला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्यानं बॅटरी लावली आणि डॅशबोर्डच्या मागून धूर निघाला. पाण्याची बादली येईपर्यंत पंधरा दिवसांचं काम कोळसा. एक तार चुकून बॉनेटच्या बिजागरीत दबली होती. इतकंच.

दिवसभर आख्ख्या कारखान्याला वीज पुरवणारा माणूस, आणि घरी दिव्याखाली अंधार. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर जळक्या वायरींचा गुंता मांडीवर घेऊन बसला होता. म्हटलं, “शरद, सोड. निमाईला दे, चालती करेल.” माझ्या अंगावर असा खेकसला की मी उंबऱ्यातूनच परत फिरलो.

पुढचे अठरा दिवस काय सांगू. नवी वायर आणली तर कमी पडली. सेल्फ तिसऱ्या खेपेला जुळला तर त्याचा बोल्ट आखूड. दिवे बसवले तर एक आभाळाकडे बघतोय, एक गटाराकडे. वैतागानं माणसाचं डोकं चालेनासं होतं, आणि तरी त्याला प्रत्येक गोष्ट सुंदर हवी. खालची लोखंडी चौकट गंजली होती तर तिला घासून दोन हात काळा रंग दिला, आरशासारखा. रोज कारखान्यातून आला की चहा उभ्यानं प्यायचा आणि खाली. रात्री एक-दीडला वर. आई जागी असायची. ती विचारायची, “झाली का?” आणि हा म्हणायचा, “उद्या.” आईपाशी बसणं म्हणाल तर महिन्याभरात अर्धा तास बसला नसेल. आईसाठीच चाललं होतं ना सगळं, मग बसायला वेळ कुठला.

आणि खंडेनवमी आली. पाच ऑक्टोबर, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी दसरा.

कालिंदीबाईंनी सकाळीच सुनीतीला सांगून खालची हत्यारं वर मागवून घेतली. पलंगाशेजारी पाट मांडला, पाने, पक्कड, हातोडी ओळीनं ठेवली, पडल्या पडल्या हात लांब करून हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी ती हत्यारं तशीच राहू द्यायची असतात. रात्री नऊला शरद वर आला. सेल्फ आदल्या रात्रीच बसला होता, सगळं जोडून झालं होतं, फक्त बटण दाबलं की ‘टक्’ एवढाच आवाज. पुढे काही नाही. त्यानं वाकून पाटावरचा पाना उचलला.

आई म्हणाली, “आज नको रे.”

“निमाईनं विश्वकर्म्याला पूजा केली की याच हत्यारांची. दोनदा कशाला?”

“तेव्हा तू म्हणालास आमची खंडेनवमीला.”

शरदनं आवाज चढवला. म्हणाला, “आई, उद्या तुला घाटावर जायचंय ना? मग मला काम करू दे.”

“हे आजच्या दिवशी हात धुऊन माझ्यापाशी बसायचे,” आई म्हणाली. “हत्यारं खाली ठेवली की हात मोकळे होतात. बस ना जरा.”

“उद्या बसेन. दिवसभर बसेन.”

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, “बरं. माझ्या चपला तेवढ्या काढून ठेव. उद्या शोधाशोध नको.”

कपाटातून त्यानं त्या काढल्या. कोल्हापुरी, डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला. झटकल्या, आणि स्वतःच्या हातानं पलंगाखाली ठेवल्या. हे लक्षात ठेवा. मग पाना घेऊन जिना उतरला. सुनीतीला सांगून गेला, “पूजेचे दिवस आहेत, चोरांचा सुळसुळाट आहे. तू जिन्याला आतून कडी घालून झोप. मी हाक मारीन.” खाली आल्यावर गॅरेजच्या मोठ्या दाराला त्यानंही आतून अडसर घातला.

दहा वाजले. टक्.

अकरा वाजले. टक्. दुर्गापूजेच्या मांडवातला ढाक, म्हणजे मोठा ढोल, वाजत होता, गल्लीतून नवे कपडे घातलेली माणसं जात होती. त्यानं सेल्फ पुन्हा काढला, उघडला, पुसला, बसवला. टक्. वायर वायर तपासली, नकाशाशी ताडून. एक चूक सापडेना. चूक सापडली असती तरी बरं वाटलं असतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. आपल्या सगळ्या डमडमची. पूजेत वीज घालवत नाहीत म्हणतात, त्या रात्री गेली. ढाक मधेच थांबला. हळूहळू माणसंही घरी गेली.

पेट्रोलजवळ कंदील नको म्हणून त्यानं टॉर्च दातांत धरला आणि काम चालू ठेवलं. आता बॅटरीच बिघडली असेल असं त्याला वाटू लागलं. तारा सोडवल्या, ती जड बॅटरी उचलून कोपऱ्यातल्या फळीवर नेऊन ठेवली. म्हणजे आता त्या गाडीत विजेचा थेंब नव्हता. समजलं? थेंब नव्हता.

मग त्याचा संयम सुटला. त्यानं तो हळदकुंकवाचा पाना भिंतीवर फेकून मारला आणि मोठ्यांदा म्हणाला, “बाबा, नसेल द्यायची गाडी तर तसं सांगा. माझा जीव का खाताय?”

पाना खाली पडला. खणकन. मग काही नाही.

टॉर्च पिवळा झाला. तांबूस झाला. विझला.

शरद गाडीच्या पुढ्यात, डाव्या दिव्यापाशी जमिनीवर बसला होता. पाठ भिंतीला. घड्याळाचे काटे अंधारात चमकायचे, ते त्यानं बघितले. एक चाळीस. म्हणजे दोनला वीस कमी.

वर जावं, असं त्याच्या मनात आलं. आईपाशी जाऊन बसावं. तो उठणार...

खट्.

तो आवाज ओळखायला त्याला वेळ लागला नाही. नऊ वर्षांचा असल्यापासून त्याच्या बोटांत होता तो आवाज.

त्यानं मान वळवली. गाडीच्या डाव्या बाजूला, दोन दारांच्या मधे, जिथं त्यानं पत्रा मारून पुट्टी लिंपली होती तिथं, हात बाहेर आला होता. आडवा. आत दिवा. नारिंगी.

बॅटरी कोपऱ्यात होती.

त्या उजेडात डावं दार दिसत होतं, मागचं. बाकी काळोख.

दाराचा खटका उचलला गेला.

दार उघडलं. सावकाश. कुणीतरी कुणासाठी तरी धरून ठेवतं तसं... धरून ठेवलेलं.

कुणी दिसत नव्हतं. काही ऐकू येत नव्हतं. किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. दार नुसतं उघडं. वाट बघत.

मग गाडीची फळी करकरली.

हलकी. अगदी हलकी. माणसात वजन उरलं नसलं की करकरेल तशी.

मागची स्प्रिंग जरा दबली.

ठप.

...

ठप.

वैशाली, मेणबत्तीकडे बघ. नको, हात लावू नकोस, असू दे.

शरद म्हणाला, तोवर त्याला भीती वाटली नव्हती. त्यानंतर जे झालं त्यानं वाटली. तो नारिंगी दिवा निघाला. इंजिनाचा आवाज नाही, चाकांचा नाही. दिवा नुसता त्याच्यापासून लांब जाऊ लागला. गॅरेज अठरा फूट लांब आहे. तो अठरा फूट गेला. आणखी गेला. भिंत जिथं असायला हवी तिथून पुढे गेला. लांब रस्त्यावर रात्री गाडी जाताना दिसते तसा बारीक होत होत... खूप लांब... डावीकडे वळला.

आणि नाही.

त्यानं हात पुढे केला. गाडी तिथंच होती. बॉनेट गार होतं.

तो कसा उठला, कशाला धडकला, त्याला आठवत नाही. आंधळ्यासारखा भिंत चाचपत जिन्यापर्यंत गेला आणि दार बडवू लागला. सुनीतीनं हाक ऐकली, मेणबत्ती लावली, कडी काढली. कडी आतून घातलेलीच होती, तिनं स्वतः काढली. तिला बाजूला सारून तो आईच्या खोलीत गेला.

कालिंदीबाई कुशीवर झोपल्या होत्या, दाराकडे तोंड करून. एक हात पलंगाच्या कडेवरून पाटाकडे लोंबत होता. अंग अजून पुरतं गार झालेलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी सहाला सुनीतीनं मला बोलावणं पाठवलं. मी गेलो. डॉक्टर येऊन गेले होते, म्हणाले पहाटे दीड-दोनच्या सुमारास गेल्या असाव्यात, झोपेतच. आईंना खाली जमिनीवर घेतलं होतं. सुनीती खोली आवरता आवरता मधेच म्हणाली, “अहो, आईंच्या चपला पलंगाखाली नाहीत. तुम्ही कुठे ठेवल्या?” शरदनं ऐकलं नाही बहुतेक. तो कोरड्या डोळ्यांनी पाटाकडे बघत बसला होता. पाटावर एका पान्याची जागा रिकामी होती.

एकदम उठला आणि मला म्हणाला, “सदाशिव, खाली चल.”

निमाईही आला होता, बातमी ऐकून. आम्ही तिघं खाली गेलो. वीज आली होती. शरदनं मोठ्या दाराचा अडसर काढला, तो आतून घातलेलाच होता. आणि तिथं उभ्या उभ्या त्यानं मला रात्रीचं सगळं सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं तसंच. मी खांबाची पुट्टी बघितली. जशीच्या तशी, त्याच्या अंगठ्याचा ठसासुद्धा शाबूत. बिस्किटाचा डबा उघडला, दोन्ही हात फडक्यात. मी म्हटलं, अरे, महिन्याभराचं जागरण, पोटात अन्न नाही, आईची काळजी, डोळ्यांपुढे काहीही येतं. तो मान हलवत होता. त्याला पटत होतं. मलाही पटत होतं.

निमाईनं दरम्यान बॅटरी उचलून जागेवर ठेवली होती. तो वाकला, चौकटीवर जिथं बॅटरीची अर्थिंगची तार आवळली होती तिथं बोट फिरवलं, आणि शरदकडे बघितलं. ती तार शरदनं त्या आरशासारख्या काळ्या रंगावरच आवळली होती. रंगातून वीज जाईल कशी? निमाईनं तार सोडली, कानस घेऊन रुपयाएवढी जागा खरवडली, पांढरं लोखंड दिसल्यावर तार परत आवळली. पाच मिनिटं लागली असतील. म्हणाला, “एबार टिपून, बाबू.” आता दाबा.

शरदनं बटण दाबलं. गाडी सुरू झाली.

पहिल्या दाबात. सगळं गॅरेज थरथरायला लागलं. बारा वर्षांनी ते इंजिन बोलत होतं आणि माझ्या मित्राच्या तोंडावर असा भाव होता की मला बघवेना. एवढीशी जागा खरवडायची होती. आदल्या रात्री हात धुऊन वर बसला असता आणि सकाळी निमाईला हाक मारली असती तर...

मग तो उतरला. का कोण जाणे, वडील जायचे तसा पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेला. मागचं दार उघडायला. मला वाटलं याला भ्रम झाला. त्यानं कडीकडे हात नेला आणि तसाच थांबला.

मी त्याच्या मागून डोकावलो. मघाशी पुट्टी बघताना मी खाली बघितलंच नव्हतं.

फळीपाशी, त्या दाराच्या बरोबर खाली, जमिनीवर कोल्हापुरी चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला. एकीशेजारी एक, नीट. टोकं गाडीकडे.

मी उचलायला वाकलो. शरद म्हणाला, “राहू दे.”

कालिंदीबाई चपला कधी बाहेर ठेवत नसत, मघाशी सांगितलं ना तुम्हाला. परत उतरताना लागतात म्हणून.

त्या बाहेर होत्या.